निळंच लावणार

आमची ताई लहान मुलांचे दात बघते आणि मोठ्यांशी भांडते. मी तिची धाकटी बहीण. त्याच दवाखान्यात दाराशी बसून फोन घेते, त्यामुळे दोन्ही गोष्टी रोज बघायला मिळतात.

त्या दिवशी झोपाळ्यावरून पडलेली एक मुलगी आली. पुढचा कायमचा दात जागचा हलून लोंबत होता. ताईने तो अलगद जागेवर बसवला. आता त्याला तारेने शेजारच्या दातांशी बांधायचं, म्हणजे तार दातांवर चिकटवायची. ताईने निळं मटेरियल काढलं.

"निळं?" मुलीची आई हबकली. "शाळेत सगळे हसतील हिला."

दवाखान्याचे मालक, मोठे डॉक्टर, लगेच धावून आले. "पांढरं लावा. दिसणारसुद्धा नाही."

"तेच तर दुखणं आहे," ताई म्हणाली. "तार काढताना हे घासून काढावं लागतं. पांढऱ्यावर पांढरं असलं, की ते कुठे संपलं आणि दात कुठे लागला, कळत नाही. दातच घासला जातो. निळं संपलेलं दिसतं."

"माझा हात आपोआप थांबतो," डॉक्टर म्हणाले.

ताई हसतानाही तोंडावर हात धरते. आता तिने सरळ ओठच वर केला. लहानपणी तिचा दात पांढऱ्यानेच बांधला होता. काढताना तो खरवडला गेला. अजून गार पाणी लागलं की कळ येते. "हा दात घासणाऱ्याचा हातही आपोआपच थांबणार होता," ती म्हणाली.

"इथे राहायचं असेल तर पांढरं!" डॉक्टर कडाडले.

मुलीची आई ताईच्या दाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लावा निळं."

ताईने लावलं, हात धुतले, आणि नोकरी गेली. घरी मी डॉक्टरांच्या नावाने घर डोक्यावर घेतलं. ती मात्र पोटभर जेवली. वर मला बजावलं, "दोघींनी एकदम घरी बसायचं नाही. तू जात राहा."

काही आठवड्यांनी तार काढायची वेळ आली. डॉक्टरांना बघताच मुलीने ओठ असे घट्ट मिटले, की आरसाही आत जाईना. आईने समजावलं, डॉक्टरांनी चुचकारलं. छे! शेवटी डॉक्टर नाक मुठीत धरून माझ्यापाशी आले. "बहिणीला बोलव."

ताई घरच्याच कपड्यांत आली. मुलीने आ केला. निळा चुरा पडत राहिला, मग पडायचा थांबला, आणि ताईचा हातही थांबला. दात जसाच्या तसा. मुलीने जीभ फिरवून पाहिली. "गुळगुळीत आहे!"

"उद्यापासून या," डॉक्टर म्हणाले.

"निळं चालेल?"

"बघू."

"मग मीही बघते." ताईने पर्स उचलली.

दाराशी फोन वाजत होता. मी तो वाजू दिला आणि तिच्या मागोमाग निघाले.