वाशांवरचं बुजगावणं

टोर्किलचं वर्कशॉप आधी गवतावर उभं राहिलं. एप्रिलमध्ये त्यानं घरामागच्या हिरवळीवर चुन्याच्या चार रेघा ओढल्या, मधोमध स्वयंपाकघरातली खुर्ची नेऊन ठेवली आणि बसला तो संध्याकाळपर्यंत. इथं लाकूड कातायचं यंत्र, तिथं फळ्यांचा साठा, इकडे समुद्राकडची खिडकी. उठला की पठ्ठ्या रेघ ओलांडायचा नाही. जिथं दार होणार होतं, तिथूनच बाहेर पडायचा.

"टोर्किल, दार लावून घे रे, वारा येतोय आत!" कुंपणापलीकडून शेजारची ग्रेटे ओरडायची.

तो हसायचा आणि खरंच दार ओढून घेतल्यासारखा हात करायचा. जन्म फेरीबोटीच्या इंजिनात गेला होता, तेल आणि आवाजात. निवृत्त झाल्यावर लाकडाचे वाडगे कातायचा छंद लागला, पण तो स्वयंपाकघरात. लोण्यातसुद्धा भुसा यायचा. आता त्याला फक्त ही एक खोली हवी होती.

ग्रेटेनं एकदा त्याचा नकाशा पाहिला. "दोन स्टुलं कशाला काढलीयस? तू तर एकटा जीव."

"एक डबा ठेवायला."

डबा कसला, डोंबल! दुसरं स्टूल एवालचं होतं, आणि ते ग्रेटेलाही कळत होतं. एवाल त्याचा धाकटा भाऊ, आमच्या बेटावरचा पट्टीचा सुतार, सायकलनं दहा मिनिटांवर राहणारा. सहा वर्षं दोघांचं बोलणं बंद. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, भरल्या टेबलावर टोर्किल बोलून गेला होता, "एवालनं बसवलेल्या खिडकीतून आईच्या उशीवर पाऊस पडतो. सुतार म्हणे!" सगळे हसले. एवालनं काटा खाली ठेवला, कोट घातला आणि निघून गेला. पुढं आईच्या दफनालाही दोघं दोन टोकांना उभे होते, तोंडात मिठाची गुळणी धरून.

तर आता सुताराला हाक मारायची नव्हती. टोर्किलनं वाचनालयातून पुस्तक आणलं आणि उन्हाळाभर एकट्यानं खपला. खांब रोवले, तुळया चढवल्या, सप्टेंबरच्या एका शुक्रवारी शेवटचा वासाही उभा केला. आता वाशांना तिरक्या पट्ट्या ठोकायच्या होत्या, नाहीतर वाऱ्यापुढं सगळं पत्त्यांसारखं आडवं. पण संध्याकाळचं ऊन वाशांमधून खाली उतरलं होतं, ढग एकेका खणातून सरकत होते, आणि हा बसला खुर्चीत वर बघत. आपलं छप्पर!  पट्ट्या उद्या ठोकू, म्हणाला.

"वासे चढले, आता कामगारांना मेजवानी कधी?" ग्रेटेनं विचारलं.

"कुणाला देऊ? सगळं मी एकट्यानं केलंय. स्वतःच्याच ताटात सॉसेज वाढू?"

"बरं बाबा. पण पश्चिमेचा वारा सुटणार म्हणतात."

तो सुटलाच. टोर्किल मेल्यासारखा झोपला होता. स्वप्नात वर्कशॉप पुरं झालं होतं, आत दिवा होता आणि कुणीतरी शांतपणे खिळे ठोकत होतं. इतकं बरं वाटत होतं त्याला, की जागंच होऊ नये.

सकाळी ग्रेटेच्या सफरचंदाची फांदी रस्त्यात पडलेली दिसली आणि त्याला न ठोकलेल्या पट्ट्या आठवल्या. अनवाणी मागं धावला. सगळं जागच्या जागी! वाशांवर कोऱ्या तिरक्या पट्ट्या, एकीकडून दोन, दुसरीकडून दोन. आणि आढ्याला लोंबत होतं पेंढ्याचं बुजगावणं.

आमच्याकडे वासे उभे राहिले की मालकानं पानांची गुंफलेली तीन गोल कडी आणि झेंडा वर चढवायचा, कामगारांना खाऊपिऊ घालायचं. मालक चिकट निघाला तर कामगार असलं बुजगावणं टांगतात. मग होते गावभर शोभा.

या बुजगावण्याला सुताराची काळी जाड पँट होती. गुडघ्यावर ठिगळ, निळ्या चौकड्यांचं. आईच्या स्वयंपाकघरातल्या पडद्याचं. टोर्किल तसाच ओल्या गवतात बसला आणि रडला. साठी उलटलेला माणूस, हुंदके देऊन रडला.

मग आत जाऊन त्यानं फोन लावला. नंबर अजून तोंडपाठ होता.

"आज दोन वाजता मेजवानी आहे. कामगारांची."

पलीकडची करवत थांबली. मग, "किती जण आहेत?"

"एकच."

"येतो."

दोन वाजता आढ्यावर बीच झाडाच्या पानांची तीन कडी डोलत होती, लाल-पांढरा झेंडा फडफडत होता. खाली दोन स्टुलं, बिअर, लाल सॉसेज, मोहरी. एवालनं सायकल टेकवली आणि आधी वर पाहिलं.

"डावीकडचा एक खिळा वाकलाय. ग्रेटेनं कळवलं तेव्हा अंधार पडला होता, विजेरी तोंडात धरली होती मी."

"राहू दे तसाच."

दोघं बसले. खाणं निवत चाललं. टोर्किलनं बाटली नुसतीच हातात फिरवली. "एवाल, आईची ती खिडकी. खिडकी बरोबर होती. वरची पन्हळ मी बसवली होती, ती गळत होती. घर विकताना शिडीवर चढलो तेव्हा दिसलं. तेव्हापासून लाज वाटते. सांगायला तोंड नव्हतं."

"मला माहितीय," एवाल म्हणाला. "मी त्या वाढदिवसाच्या आधीच वर चढून बघितलं होतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस, गाढवा?"

"सगळ्यांसमोर? आईच्या वाढदिवसाला तुझं नाक कापू?" एवालनं ताट पुढं ओढलं. "मोहरी दे इकडं. आणि माझी पँट परत हवीय मला."