लेकीच्या घरचं पाणी

यमुताईंच्या पायाला भिंगरी होती. घासलेले डबे त्या पुन्हा घासत, दारापर्यंत जाऊन उगाच परत येत, आणि दुपारी सगळं प्रतापनगर झोपलं की अंगणात येरझाऱ्या घालत. विश्वनाथराव अगदी उलट. सरकारी कचेरीत हेडक्लार्क. फाइल काय नि संसार काय, आपोआप पुढे सरकतो, अशी त्यांची ठाम समजूत.

एकुलत्या एका लेकीला, नीलाला, कामठीत दिल्याला चार वर्षं झाली होती. दर आठवड्याला तिचं कार्ड यायचं. यंदा संक्रांतीपासून ते बंद झालं. यमुताईंनी तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. विश्वनाथराव म्हणाले, सुखात असल्या की पोरी लिहीत नाहीत, आणि सोयऱ्यांकडे बोलावल्याशिवाय जाणं बरं दिसत नाही. यमुताईंना मात्र घास गोड लागेना.

नीलाची कॉलेजातली सायकल घरातच होती. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, यमुताई पहाटे मैदानावर जाऊन ती शिकल्या होत्या. दोनदा गुडघे फुटले, तेव्हा न्हाणीत पाय घसरला असं नवऱ्याला सांगून मोकळ्या झाल्या. पण त्यांची मजल आजवर गोकुळपेठेच्या भाजीबाजारापर्यंतच.

फाल्गुनातल्या एका सकाळी विश्वनाथराव कचेरीत गेले आणि यमुताईंना घर खायला उठलं. बसची वाट पाहत उभं राहण्याइतका धीर त्यांच्यात नव्हता. शेजारच्या शोभाताईंना कोथिंबीर आणते म्हणाल्या, पदर खोचला, सायकल काढली आणि थेट बारा मैलांवरच्या कामठीचा रस्ता धरला.

अर्ध्या वाटेवरचा इंदोरा येईतो पोटऱ्या भरून आल्या. आपण वेडेपणा केला हे त्यांना कळत होतं, पण मागे फिरायचं म्हणजे पुन्हा तेवढंच अंतर. कामठीच्या छावणीतल्या फौजी गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जात होत्या. एका उतारावर सायकल भन्नाट सुटली, वारा कानात शिरला आणि यमुताई चक्क हसल्या. मग लगेच शरमल्या. लेकीचा पत्ता नाही आणि आई हसतेय!

दार नीलानेच उघडलं. वाळली होती. आईचा लाल झालेला चेहरा पाहून ती घाबरली, बाबा बरे आहेत ना, म्हणून दोनदा विचारलं. सासूबाई देवळात गेल्या होत्या. नीलाने पाण्याचा पेला भरून आणला.

"नको वं, राहू दे," यमुताई सवयीने म्हणाल्या.

लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा रिवाज. चार वर्षं दोघांनी तो कडक पाळला होता. येताना घरच्या पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या सोबत असायचा. आज तो घ्यायचं सुचलंच नव्हतं, आणि घशाला कोरड पडली होती.

नीला पेला हातात धरून तशीच उभी राहिली. पत्र का टाकत नाहीस, असं यमुताईंनी विचारलं, तेव्हा तिने मान खाली घातली.

"काय लिहू? संक्रांतीला आलात, तेव्हाही तांब्या घेऊनच आलात. ये म्हणून लिहिलं तर तू येशील, आणि पाणी नको म्हणशील. सासूबाई काही बोलत नाहीत वं आई, कोणीच बोलत नाही. तुझं 'नको' ऐकलं का मले कळते, माझ्या घरात काय नाही ते."

यमुताई खाली बसल्या. लेकीच्या भल्यासाठी म्हणून जे चार वर्षं जपलं, त्याने तिलाच कापलं होतं. कोणाचा राग करावा? रिवाज काही एकटा चालत आला नव्हता, त्यांनीच तो दर खेपेला या घरात आणला होता. त्यांनी हात पुढे केला, पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. दुसरा मागितला, तोही प्यायल्या.

"आणि काही खायला असेल तर वाढ," त्या म्हणाल्या. "सकाळपासून उपाशी आहो मी."

नीलाने डोळे पुसत स्टो पेटवला, आणि लग्नानंतर पहिल्यांदा आईसाठी पाट मांडला.