शेजाऱ्यांनी धुऊन पाठवलेला डबा

मी सॉफ्टवेअर टेस्टर. समोरच्याने "सगळं चालतंय" म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. पगारच त्याचा मिळतो. घरी आल्यावर ही सवय चपलांसारखी बाहेर काढून ठेवता येत नाही. त्यामुळे इथे परदेशात, स्कोफिल्ड्स उपनगरातल्या आमच्या शेजाऱ्यांवर मला पहिल्यापासून संशय होता, आणि तो मी अगदी मन लावून जोपासला.

शेजारी मूळचे झिम्बाब्वेचे, हायस्कूलात इतिहास शिकवून रिटायर झालेले. बायको गेल्यापासून एकटेच. आम्ही घरात त्यांना मास्तर म्हणायचो. ऑगस्टच्या वाऱ्यात दोघांच्या बॅकयार्डमधलं पत्र्याचं कुंपण आडवं झालं. ते दोन्ही घरांनी मिळून उभं करायचं असतं. मास्तर दोनदा विचारून गेले. नवरा दोन्ही वेळा "नो वरीज, लवकरच करू" म्हणाला आणि सोयीस्कर विसरला. कुंपण नसणं आमच्या पथ्यावरच पडलं होतं ना!

त्याच सुमारास लेकीला शाळेतून असाइनमेंट मिळाली: युरोपने आफ्रिका का घेतली आणि कोणकोणत्या तऱ्हेने घेतली. मास्तरांच्या कानावर गेलं, तसे ते शनिवारी दुपारी आमच्या किचन टेबलाशी बसून तिला शिकवू लागले. फीचं विचारलं तर नुसता हात हलवला. झालं! जवळच्या गिरावीनमध्ये पैसे मोजूनही ट्यूशनला जागा मिळायची मारामार, आणि हा माणूस आपणहून येऊन फुकट शिकवतो? ह्याला नक्की काहीतरी हवंय. मी भाजी ढवळत गॅसपाशी उभी राहायचे, कान मात्र टेबलाकडे.

त्यात डब्याची भर. आमच्यात शेजारून आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. घरात दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. मी पुरणपोळ्या पाठवल्या. डबा रिकामा आला. चकल्या पाठवल्या, रिकामा. आणि धुऊन इतका लख्ख, की आत कधी काही होतं ह्यावर विश्वास बसू नये. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, खातात तरी का ते? की टाकून देतात?" बास, माझ्या डोक्यात किडा सोडला तिने. बिन्स रस्त्यावर ठेवायच्या दिवशी मी त्यांच्या कचऱ्याच्या लाल झाकणाच्या बिनमध्ये चक्क डोकावले. चकलीचा तुकडासुद्धा दिसला नाही. संशय होता तिथेच राहिला.

मग गणपती आले. रविवारी जेवायला ब्लॅकटाउनहून, गिरावीनहून ही एवढी माणसं. मी मोदकांचा डबा शेजारी धाडला, पाठोपाठ नवरा जाऊन जागेचं विचारून आला, आणि आम्ही खुर्च्या मास्तरांच्या यार्डात मांडल्या. संध्याकाळी त्या उचलताना पाहिलं, तर कोपऱ्यातल्या मऊ मातीत खुर्च्यांच्या पायांनी भोकं पडली होती, बाकीची माती चपलांनी घट्ट दाबली गेली होती. मास्तर खिडकीत उभे होते.

"बघ कसे बघतायत," मी म्हटलं.

"अगं, रिकामीच तर जागा होती," नवरा म्हणाला.

मोदकांचा डबा तर परतच आला नाही. मास्तर मात्र पुढच्या शनिवारी नेहमीसारखे आले. लेकीने कारणं घडाघडा म्हणून दाखवली. कारखान्यांना तांबं, सोनं, रबर हवं होतं. तिकडे तयार झालेलं कापड खपवायला बाजार हवा होता. फ्रान्सने घेतलं म्हणून ब्रिटनला हवं, ब्रिटनने घेतलं म्हणून जर्मनीला हवं. आणि वर तोंड करून सांगायचं, की आम्ही ह्या लोकांना सुधारायला चाललोय! मग तऱ्हा. कुठे सरळ गव्हर्नर बसवून वसाहत करायची. कुठे राजाला त्याच्याच आसनावर ठेवायचं, पण कारभार आपण करायचा, आणि त्याला नाव संरक्षण. कुठे तर सरकारही नाही, एका कंपनीच्याच हाती अख्खा मुलूख.

"बट व्हाय डिड द किंग्ज से येस?" लेकीने विचारलं.

"सगळे कुठे म्हणाले? पुष्कळ जण लढले," मास्तर त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाले. "पण आमच्या बाजूला सुरुवात बहुतेक वेळा भेटीने व्हायची. घोंगड्या, आरसे, बंदुका. दारी आलेल्याची भेट नाकारणं आमच्यात उद्धटपणा समजतात. ती घेतली की मागून लहानशी विनंती यायची. फक्त खणू द्या. फक्त वाट द्या. फक्त चार दिवस तळ टाकू द्या. आणि नंतर म्हणायचे, जागा रिकामीच होती."

"डॅड सेड दॅट," लेक म्हणाली. "अबाउट युअर यार्ड."

माझी फोडणी करपली. पुरणपोळ्यांच्या मागोमाग आम्ही पापड घालायला त्यांचं ऊन मागितलं होतं. चकल्यांच्या मागोमाग पाहुण्यांच्या गाडीला त्यांचा ड्राइव्हवे. मोदकांच्या मागोमाग अख्खं यार्ड! मी गॅस बंद केला आणि समोर जाऊन बसले.

"सर, तुम्ही डबा रिकामा का पाठवता?"

"भरून पाठवला तर तुम्ही तो होकार समजाल," ते म्हणाले. "तुमचा डबा दिसला की माझ्या मनात पहिलं हेच येतं. आता काय मागणार?"

"खाता तरी का?"

"चकल्या एका बैठकीत संपवल्या."

"मग हिला फुकट का शिकवता?"

"तिने अजून माझ्याकडे काही मागितलं नाही. शिवाय ह्या घरात एकाला तरी हे कळलेलं बरं."

मग त्यांनी कोपऱ्यातल्या मातीचं सांगितलं. तिथे त्यांची बायको भोपळा लावायची. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी त्यांच्याकडे खातात. दर वर्षी ती बी धरून ठेवायची. उरलेलं सगळं बी त्यांनी गणपतीच्या आदल्याच आठवड्यात पेरलं होतं. बाहेरून बी ह्या देशात आणू देत नाहीत. "उगवलं नाही, तर तिचं बी संपलं," एवढंच म्हणाले. मी शरमेने उठून करपलेली फोडणी घासायला घेतली.

त्या संध्याकाळी नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं. पुढच्या आठवड्यात कुंपण उभं राहिलं, उंच आणि घट्ट. आणि मग माझ्या लक्षात आलं, की आता पलीकडचं काही दिसत नाही. असाइनमेंट देऊन झाली होती, मास्तर यायचे थांबले होते. विचारायचं कुठल्या तोंडाने? डबा पाठवायची तर सोयच राहिली नव्हती. कपडे वाळत घालताना मी त्यांच्या पाण्याच्या पाइपचा आवाज ऐकायचे. पाणी घालतायत, म्हणजे काहीतरी उगवलंय. की नुसत्याच मातीला घालतायत बिचारे? रोज तेच.

दिवाळीच्या आधी बेल वाजली. दारात मास्तर, हातात माझा मोदकांचा डबा. हातात घेतला तर जड लागला. झाकण काढलं. आत भोपळ्याचा लवदार कोवळा पाला गच्च भरला होता आणि वर एक पिवळं फूल. उगवलं होतं! माझे डोळे भरून आले. आणि खरं सांगते, डोळे भरलेले असतानाच मनात आलं: आता ह्यांना काय हवंय?

ते माझ्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं असणार. कारण मास्तर दाराची चौकट धरून हसत सुटले.

"कळलं ना," ते म्हणाले, "डबा आला की कसं वाटतं ते?"