दुसऱ्या लॅपटॉपवरची ओळ

लग्नानंतर मी सासरी, बीडजवळच्या केजला आले आणि पुण्यातली नोकरी घरूनच करू लागले. आमच्या सॉफ्टवेअरमुळे दूरच्या सर्व्हरवरच्या फाइली आपल्याच कॉम्प्युटरवर असल्यासारख्या वापरता येतात. काही दवाखाने पेशंटचे रिपोर्ट त्यावर ठेवतात. त्यात एक चूक निघाली होती. मधेच नेट गेलं की फाइल सेव्ह झाल्याचं दिसायचं, पण सर्व्हरवर ती पोचलेलीच नसायची.

दुरुस्ती आमच्या सरांनी केली. मला हे काम शिकवलं ते त्यांनीच. तपासून होकार द्यायचं मात्र माझ्याकडे आलं, आणि संध्याकाळी ती दवाखान्यांना जाणार होती.

कोड नीटनेटका होता. नेट गेलं की लिहिलेलं जपून ठेवायचं, आलं की सर्व्हरवर पाठवायचं. चाचण्या सगळ्या पास. तरी होकार द्यायला माझं मन धजेना. मधल्या वेळात दुसऱ्या कुणी तीच फाइल बदलली असेल तर? कोडमध्ये उत्तर दिसत नव्हतं. कदाचित मलाच कळत नसेल, असंही वाटत होतं. सासूबाईंनी ठेवलेला चहा तसाच गार झाला.

शेवटी घरातले दोन्ही लॅपटॉप मांडले. एक राउटरच्या वायरवर, दुसरा मोबाईलच्या नेटवर.

"आई, मी सांगितलं की ही वायर काढा," मी सासूबाईंना म्हटलं.

"काढते. पण बिघडणार न्हाई ना काही?"

"बिघडतं का, तेच बघायचंय."

त्यांनी वायर काढली. पहिल्या लॅपटॉपवर मी चाचणीसाठी केलेल्या नकली रिपोर्टमध्ये 'ताप उतरला' असं लिहून सेव्ह केलं. थोडं थांबून दुसऱ्यावर त्याच फाइलमध्ये ओळ घातली, 'पेनिसिलिन देऊ नये'. मग वायर पुन्हा लावायला सांगितली. ताप उतरलेला राहिला. पेनिसिलिनची ओळ गेली होती.

सरांना फोन केला. "सर, नंतर लिहिलेलं पुसलं जातंय."

"चाचण्या पास आहेत. तुझ्याकडचं नेटच तसलं असेल."

"नेट आम्हीच तोडलं, सर."

"दाखव."

स्क्रीन त्यांना दिसत असताना सासूबाईंनी पुन्हा वायर काढली, पुन्हा लावली. ओळ पुन्हा गेली. "आजचं पाठवणं थांबवतो," एवढंच बोलून सरांनी फोन ठेवला.

दुसरा अख्खा दिवस त्यांचा मेसेज नाही. ऑफिसात सगळ्यांना कळवायच्या आधी त्यांना एकट्यांना फोन केला ते बरं केलं, की फोनवर जरा जास्तच बोलले, हे मी घोळवत बसले. मग नवी दुरुस्ती आली. आता नेट आल्यावर आधी सर्व्हरला विचारलं जायचं. फाइल बदललेली असेल तर दोन्ही प्रती ठेवून तसं सांगितलं जायचं. मी पुन्हा पुन्हा वायर काढायला लावली.

"कावून गं, अजून भरवसा न्हाई का?" सासूबाई म्हणाल्या. "वायर तुटंल आता."

ओळ दर वेळी जागेवर होती. मी होकार दिला. सरांचं एका शब्दाचं उत्तर आलं, 'आभार'. ते रागावले होते का, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढच्या दुरुस्तीला तपासणारी म्हणून त्यांनी माझंच नाव टाकलं, आणि ते वाचून बरं वाटायच्या आधी, पुन्हा त्यांचीच चूक सापडली तर काय, हेच मनात आलं.