जिन्याखालची भिंत

आमचे हे साइनबोर्ड पेंटर. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग ते छापील बोर्ड आले, तासाभरात तयार, वर मालकाचा हसरा फोटो, आणि यांचं काम बसलं ते बसलंच. दोन वर्षं माणूस घरात. बरं, गप्प बसावं ना? ते नाही! रस्त्याने चालताना दर बोर्डापाशी थांबणार. "बघ, बघ, त्या 'क'चं पोट कसं सुटलंय!" अहो, सुटू द्या की, आपल्याला दुधाला उशीर होतोय!

मी शाळेत शिपाई आहे. पोरं मावशी म्हणतात. एकदा मोठ्या बाई म्हणाल्या, "मावशी, जिन्याखालची भिंत फार कळकट दिसते. तुमच्या मिस्टरांना विचारता का?" मला वाटलं, दोन दिवसांचं काम, घरातली कटकट तेवढीच कमी. हे आले, पिशवी टेकवली, भिंतीसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "मी नाही रंगवणार. पोरं रंगवतील."

मी कपाळाला हात लावला. मोठ्या बाईंना मात्र पटलं. दर बुधवारी शेवटचे दोन तास तिसरीचा वर्ग यांच्या ताब्यात.

यांची पद्धत वेगळीच. ब्रश नंतर, आधी सूत. लांब दोऱ्याला नीळ फासायची, दोन टोकं दोघांनी भिंतीवर घट्ट धरायची, मधला दोरा हे ओढून सोडणार. फट्! भिंतीवर सरळ निळी रेघ. एकाने जरी ढील दिली तरी रेघ फिसकटते. आणि नियम असा, की त्या दिवशी ज्यांचं भांडण झालंय त्यांनीच जोडीने सूत धरायचं. पहिल्या बुधवारी दोघी तोंड फुगवून उभ्या होत्या. तीनदा रेघ फिसकटली, चौथ्यांदा सरळ आली आणि दोघी टाळ्या पिटत सुटल्या. मी झाडू हातात धरून बघतच राहिले.

पण बुक्कीपुढे यांचंही काही चालेना. बुक्की हे नाव पोरांनीच पाडलेलं. वर्षाच्या मधेच आलेली, हडकुळी, नाकावर राग, आणि कुणी जरा धक्का लावला की पाठीत बुक्की. वर्गातल्या चष्मिसचा चष्मा तिने मोडला, दुसऱ्या एकीला चावली. दोन तक्रारी वहीत चढल्या होत्या. मोठ्या बाईंनी तिच्या बापाला बोलावून स्पष्ट सांगितलं, तिसरी तक्रार आली की दाखला हातात. बाप सामान पोचवायची गाडी चालवतो. खाली मान घालून एवढंच म्हणाला, "घरी बायको आजारी असते हो."

तिच्याबरोबर सूत धरायला कोण येणार? दुसरं टोक हेच धरायचे. बाकीची पोरं रेघांच्या आधाराने चित्रं काढायची. ती रेघ मारायची, पण रंगाला हात लावायची नाही. तीन बुधवार नुसती जिन्यावर बसून. चौथ्या बुधवारी उठली, यांच्या पिशवीतला पाट्यांचा काळा ऑइलपेंट काढला आणि भिंतीच्या कोपऱ्यात चौकोन भरायला लागली. दोन तास भरत होती. एवढासा ब्रश, आणि मधे कुठे ठिपकाभर पांढरं राहू द्यायची नाही.

"अहो, भिंत आहे की तवा?" मी म्हटलं.

"भरू दे तिला," हे म्हणाले.

त्या आठवड्यात तिने कुणालाही हात लावला नाही. मला जरा बरं वाटलं. तिथेच आम्ही माती खाल्ली.

पुढच्या शनिवारी पालकसभा होती. शुक्रवारी मोठ्या बाई यांना म्हणाल्या, "बाकी छान झालंय. तो काळा डाग तेवढा झाकता का?" आणि या माणसाने झाकला! तीस वर्षांची सवय, गिऱ्हाईक म्हणेल ते मान डोलवून करायचं. पोरं घरी गेल्यावर पांढऱ्या डिस्टेंपरचा एक हात मारला, पाच मिनिटांत काम. बादली मीच धरली होती, दुसऱ्याला काय बोलू? दोघांनाही वाटलं नाही, की आधी पोरीला विचारावं.

शनिवारी सकाळी बुक्की आली. भिंतीकडे पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. खाली निळ्या रंगाचा भरलेला डबा होता, तो दोन्ही हातांनी उचलला आणि बाकीच्यांच्या चित्रांवर नेम धरला. मधे चष्मिस उभा, भीतीने पांढराफटक. जिन्यावरून मोठ्या बाई पालकांना घेऊन उतरत होत्या. गेली, म्हटलं, पोर शाळेतून गेली.

हे कडेची पट्टी रंगवत होते, ते धावत मधे आले. "थांब! चूक माझी आहे. झाकलं मी. ओतायचा तर माझ्यावर ओत."

तर तिने ओतला! डोक्यापासून सदऱ्यापर्यंत माणूस निळा.

मोठ्या बाई कडाडल्या, "ही तिसरी तक्रार!"

"कुणाची तक्रार?" हे थुंकी उडवत म्हणाले, कारण रंग तोंडात गेला होता. "माझी नाही. मी मागून घेतलाय."

मी ओला फडका घेऊन धावले. यांनी तोंड पुसलं, आणि आंधळ्यासारखा भिंतीला हात टेकला, तो नेमका फडक्याचाच. फडका घसरला तिथलं पांढरं निघालं. खालून काळं चकाकलं.

हे बघतच राहिले, मग खो खो हसायला लागले. "अगं, ऑइलपेंटवर पाण्याचं डिस्टेंपर मारलं मी! घासलंही नाही, धरणार कसं! नवशिक्यासुद्धा असं करत नाही!"

"आणि स्वतःला पेंटर म्हणवतात," मी म्हटलं. पण देवाशपथ, त्यांच्या त्या घोडचुकीवर आयुष्यात पहिल्यांदा जीव ओवाळून टाकावासा वाटला.

यांनी बुक्कीच्या हातात फडका दिला. ती पुसायला लागली. थोड्या वेळाने आणखी दोघं फडके घेऊन आले, मग सगळेच. काळा चौकोन होता तसा बाहेर आला.

चष्मिस लांबूनच म्हणाला, "हे आहे तरी काय?"

"आईची खोली," बुक्की म्हणाली. "पडदे लावलेत. उजेड आला की तिचं डोकं दुखतं. आवाज केला तरी दुखतं."

"मग तू कुठे आहेस?"

"बाहेर. दाराशी. गप्प बसलेय."

पालकांच्या घोळक्यात तिचा बाप होता. त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. माझे डोळे भरून आले, लपवत नाही. घरी दिवसभर जीव मुठीत धरून बसणारी पोर इथे येऊन बुक्क्या मारत होती, आणि आम्ही मोठी माणसं वहीत तक्रारी मोजत होतो.

"एकटीच?" चष्मिसने विचारलं. तिने मान डोलावली. त्याने ब्रश घेतला आणि चौकोनाशेजारी एक गोल डोकं काढलं, त्याला मोठ्या गोल काचांचा चष्मा. "मी पण बसतो. मला गप्प बसता येतं."

"तुला?" सगळा वर्ग हसला, कारण त्या पोराच्या तोंडाचा पट्टा बाईंनाही आवरत नाही. बुक्कीसुद्धा हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेत, हे मला त्या दिवशी कळलं. मग एकेक जण दाराशी येऊन बसत गेला. मोठ्या बाईंनी तक्रारवही माझ्याकडे दिली. "कपाटात ठेवा, मावशी. काही लिहायचं नाहीये."

दोन महिन्यांनी, एका ढगाळ बुधवारी, बुक्कीचा बाप एका बाईला धरून घेऊन आला. डोळ्यांवर काळा चष्मा, चालणं भिंतीच्या आधाराने. ती काळ्या चौकोनापुढे उभी राहिली. मग शेजारच्या रांगेवर बोट ठेवून म्हणाली, "ही सगळी कोण गं?"

"तू झोपतेस ना," बुक्की म्हणाली, "तेव्हा माझ्याबरोबर बसतात."

हे सुताला नीळ फासत पुढे झाले. एक टोक लेकीच्या हातात, दुसरं आईच्या. "घट्ट धरा हं, ताई. ढील देऊ नका."

फट्!

बुक्कीने रेघेकडे पाहिलंच नाही. घाबरून आधी आईकडे पाहिलं. केवढा आवाज झाला होता.

आईने काळा चष्मा कपाळावर सरकवला, डोळे बारीक करून रेघ बघितली आणि म्हणाली, "अजून एक मारू या."