बुडालेल्या गावाचं डोमेन

लोह्याच्या कचेरीत माझ्या शेजारी बसणारे कारकून काका कुठल्याही अर्जावर पत्ता लिहिताना धरणात गेलेल्या आपल्या गावाचं नाव आधी लिहितात, मग खोडतात. पांगलेल्या गावकऱ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून त्यांनी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःचा सर्व्हर चालवलाय. बाहेरच्या तसल्याच सर्व्हरांना जोडलेला. त्याचं डोमेनही, म्हणजे तिथल्या प्रत्येकाच्या पत्त्यामागे लागणारं नावही, त्याच गावाचं.

"काका, डोमेन बदला आता. आता राहता त्या नव्या वसाहतीचं नाव द्या," मी एकदा म्हणालो.

ते स्वतःच्या पेन्शनचा अर्ज भरत होते. "हाव, हाव," म्हणत त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डोमेन बदललं की सगळ्यांचे जुने पत्ते तुटतेत, भाऊ. कुणी कुणाला सापडत न्हाई." पत्त्याच्या रकान्यात त्यांनी गावाचं नाव लिहिलं. "एकदा बघितलंय."

त्या दिवशी त्यांनी गावाचं नाव खोडलं नाही. अर्ज परत येईल म्हणून मीच खोडलं.