लांडग्याच्या बिळाकडची खूण

तात्यांनी माझ्या कानफटात मारली तेव्हा माझ्या हातात स्टीलची पट्टी होती, आणि ती मी मेंढीच्या गळ्यावरच्या दातांच्या खुणांना लावली होती. मेंढी अजून मेली नव्हती. ते मला दिसत होतं. पण रक्त वाळलं की कातडी आकसते आणि दोन सुळ्यांमधलं अंतर नीट मिळत नाही, म्हणून मी घाई केली होती.

‘तिचा जीव चाललाय आन् तू पट्टी लावतुयास?’ तात्या ओरडले. ‘हेच शिकवत्यात व्हय रं तुला पुण्यात?’

हेच शिकवत होते. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं, मी विद्यापीठात परिस्थितीशास्त्राच्या, म्हणजे इकॉलॉजीच्या, एम.एस्सी.ला होतो आणि माझा विषय होता सुप्याकडच्या गवताळ माळावरचे लांडगे. विषय देताना सर म्हणाले होते, ‘निरीक्षकानं मध्ये पडायचं नसतं. बघायचं, मोजायचं, लिहायचं.’ माझ्या बापानं कधीच मेंढरं विकून इंदापूरकडं साखर कारखान्यात नोकरी धरली होती. थोरले चुलते, म्हणजे तात्या, तेवढे लोणी भापकरच्या माळावर कळप राखून होते. मी त्यांच्याकडं राहत होतो, त्यांची भाकरी खात होतो आणि त्यांच्या वैऱ्याचा अभ्यास करत होतो.

त्या दिवशी भर दुपारी लांडग्यांची जोडी कोकरांच्या जाळीच्या कोंडवाड्यात शिरली होती. नऊ कोकरं फाडली आणि नेलं एकच. बाकीची तशीच पडलेली, कुणाचं नरडं उघडं, कुणाची आतडी मातीत. मध्ये पडलेली ही एक मेंढी पाय झाडत होती. तात्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, ओंजळीनं तिच्या तोंडात पाणी सोडलं आणि ती शांत झाल्यावर माझ्याकडं न बघता विचारलं, ‘बीळ घावलं का तुला?’

‘न्हाय तात्या, अजून न्हाय.’

तीन आठवड्यांपूर्वीच सापडलं होतं. कोरड्या ओढ्याच्या काठाला, बोराटीच्या जाळीखाली. समोरच्या टेकाडावर मी रोज सकाळी दुर्बीण घेऊन पालथा पडायचो. पाच पिल्लं होती. ती एकमेकांच्या शेपट्या ओढायची, आईच्या तोंडातून मांस हिसकायची. मला त्यांचा लळा लागला होता, वहीत मात्र ते कुठं लिहिलेलं नाही. लांडग्यांची विष्ठा मी चाळणीत धुऊन, वाळवून पाकिटात भरायचो. तिच्यात सशाचे केस असत, उंदरांची हाडं असत आणि बरीचशी तात्यांच्या मेंढरांची काळी लोकर. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते मी चिमट्यानं करत होतो.

बिळाकडं जायला माळावर धड वाट नव्हती. टेकाडं सगळी सारखी. सर म्हणाले होते, दगडांवर रंगाचे ठिपके दे. पण रंग दिसला की गावभर चर्चा होणार. म्हणून मी शहाणपणा केला. चपट्या दगडावर गोल दगड ठेवला आणि मध्ये एक काडी दाबली, जायचं त्या दिशेला टोक करून. ओढ्यापर्यंत अशा सात-आठ खुणा केल्या. पूर्वी आमची माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची, तेव्हा घोडी घेऊन पुढं गेलेल्या बायका वाटेला फाटा फुटला की मागच्यांसाठी हीच खूण ठेवून जात. लहानपणी मीही असे दगड रचलेत. परक्याला त्यात काही कळणार नाही, असा माझा हिशेब होता. परका कोण आणि घरचा कोण, एवढंच त्यात मी धरलं नाही.

त्या कोकरांनंतर दोन दिवस मी पुण्यात प्रयोगशाळेत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.नं परत आलो, माळाला लागलो आणि ओढ्याच्या अंगाला धूर दिसला. मी पळत सुटलो. जवळ गेलो तसा मिरचीचा ठसका घशात शिरला. बिळाच्या तोंडाला बाभळीच्या काटेरी फांद्या, आत पेटलेल्या गोवऱ्या आणि मिरच्या, बाजूला तात्या आणि माझा चुलतभाऊ. तीन पिल्लं गुदमरून मेली होती. ती चुलतभावानं काठीच्या आकड्यानं ओढून ओळीनं ठेवली होती. दोन सरपटत बाहेर आली होती. एकाचं डोकं चेचलं गेलं होतं. दुसरं खोकत होतं. मी ‘तात्या, नको’ म्हणेपर्यंत काठी खाली आली. लांब माळावर मादी येरझाऱ्या घालत होती. जवळ येत नव्हती आणि जातही नव्हती.

मध्ये पडायचं नसतं. मी तात्यांच्या हातातली काठी हिसकली आणि त्यांच्याच हातावर घातली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी तुरीची वाळकी काठी मोडावी तसा आवाज झाला आणि मनगटाच्या वर त्यांचा हात वाकडा लोंबला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चौथा फटकाही घातला असता, पण चुलतभावानं मला मागून धरून पाडलं, तोंड राखेत दाबलं आणि दगड उचलला.

‘सोड त्याला,’ तात्या म्हणाले.

‘हात मोडलाय तुमचा!’

‘सोड म्हनतोय न्हवं.’

ते खाली बसले होते. मोडका हात दुसऱ्या हातानं छातीशी धरला होता. चेहरा पांढरा पडला होता, पण राग दिसत नव्हता. ते गोंधळले होते.

‘मलाच मारायचं हुतं तर खुना कशाला ठिवल्यास?’ त्यांनी विचारलं. ‘मला वाटलं, तुझ्या सरांना शब्द दिलाय म्हून तोंडानं सांगता येत न्हाय तुला. म्हून दगूड ठिवलंस आमच्यासाठी. मी ह्याला म्हनलं, बघ, पोरगं शिकलं तरी घरचंच हाय.’

माझ्या तोंडात राख होती. ती थुंकायचंही मला सुचलं नाही. त्या दोन दिवसांत कधीतरी त्यांना पहिली खूण दिसली असेल, तेव्हा हा माणूस किती सुखावला असेल, ते मला तिथं कळलं. पाच मेलेली पिल्लं समोर होती आणि ती मीच दाखवून दिली होती.

तात्यांचा हात वाकडा जुळला. काठी धरता येईना, म्हणून वर्षभरात कळप विकला. हाडं बसवणाऱ्याला, तालुक्याच्या डॉक्टरला, माझ्या बापाला त्यांनी एकच सांगितलं: ओढ्यात पाय घसरला. चुलतभावालाही त्यांनी तेच सांगायला लावलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, ‘बीळ इतकं आडबाजूला होतं, मग गावकऱ्यांना सापडलं कसं?’

सर माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, ‘मेंढपाळ लोक माग काढण्यात पटाईत असतात, सर.’ परीक्षकांनी मान डोलावली, आणि मी पहिल्या वर्गात पास झालो.

तात्या खोटं बोलले ते माझ्यासाठी. मीही खोटं बोललो, तेही माझ्यासाठीच.